फॉरमॅट नको, आधी 'साटा मोड' बघा

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डात आमची हळदीची अडत आहे. हिशोबाचा कॉम्प्युटर २०११ मध्ये घेतलेला, त्यात विंडोज एक्सपी. पट्ट्या (शेतकऱ्यांच्या मालाची बिलं), रोजमेळ, खतावणी सगळं एका जुन्या डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या पद्धतीच्या प्रोग्रॅमवर चालतं. सासऱ्यांनी तो आधीच्या मशीनवरून यात आणला, त्यामुळे २००३ पासूनची शेतकऱ्यांची खाती त्यातच आहेत. दिवाळीआधी दोनेक महिने कॉम्प्युटरचं घड्याळ मागे पडत होतं. दिवाळीत चार दिवस गाळा बंद होता. उघडल्यावर काळ्या स्क्रीनवर 'सीमॉस चेकसम एरर, डिफॉल्ट्स लोडेड' असं आलं आणि एफ१ दाबायला सांगितलं. दाबलं की विंडोजचं चिन्ह येतं, निळं काहीतरी लकाकतं आणि मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. दुरुस्तीवाल्या मुलाने आतला सेल बदलला. मेसेज गेला, निळं लकाकणं तसंच. तो म्हणतो विंडोज उडालंय, फॉरमॅट मारावं लागेल. व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'कॉम्प्युटर बंद पडलाय, काय करू' असं विचारलं तर कोणी रॅम म्हणालं, कोणी हार्ड डिस्क, कोणी व्हायरस, कोणी सरळ नवीन घ्या म्हणालं. फॉरमॅट करू का? हा प्रोग्रॅम नव्या मशीनवर का चालत नाही? आणि अशा वेळी नेमकं विचारायचं तरी कसं? नव्या हळदीचे सौदे सुरू व्हायच्या आत हे मार्गी लागायला हवं.
— एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, नमस्कार. फॉरमॅट करू नका. त्या मुलालाही आजच फोन करून थांबवा. तुम्ही जो क्रम लिहिलाय, त्यात उत्तर जवळजवळ पूर्ण आहे: आधी घड्याळ मागे पडलं, मग चार दिवस वीज नव्हती, मग 'डिफॉल्ट्स लोडेड', मग निळा स्क्रीन. विंडोज उडालं असेल तर ते नेमकं त्याच सकाळी का उडावं? आमच्या मते विंडोज जागच्या जागी आहे. बदललंय ते मदरबोर्डावरचं, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटवरचं एक सेटिंग.

मदरबोर्डावर रुपयाच्या नाण्यासारखा एक सेल असतो. तो दोन कामं करतो. मशीन बंद असताना घड्याळ चालू ठेवतो आणि बायोसची, म्हणजे विंडोजच्या आधी मशीन जागं करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमची, सेटिंगं लक्षात ठेवतो. मेन स्विच चालू असेल तर एसएमपीएसकडून (वीज पुरवणाऱ्या आतल्या डब्याकडून) बोर्डाला थोडी वीज मिळत राहते, म्हणून सेल अर्धमेला झाला तरी निभावतं. फक्त घड्याळ मागे पडायला लागतं. तुमच्याकडे दोन महिने तेच चाललं होतं. दिवाळीत चार दिवस स्विच बंद राहिला, सेलात जीव उरला नाही आणि बायोस सगळं विसरलं. विसरल्यावर ते कारखान्यातल्या मूळ सेटिंगवर जातं. 'सीमॉस' ही ती सेटिंगं ठेवायची जागा, आणि 'डिफॉल्ट्स लोडेड' म्हणजे हेच.

त्या काळच्या बऱ्याच बोर्डांवर मूळ सेटिंगमध्ये हार्ड डिस्कशी बोलायची पद्धत, म्हणजे 'साटा मोड', 'एएचसीआय' असते. विंडोज एक्सपी २००१ मध्ये आलं, तेव्हा ही पद्धत नव्हती. त्यामुळे एक्सपीकडे तिचा ड्रायव्हर, म्हणजे ती पद्धत समजणारा छोटा प्रोग्रॅम, मुळातच नसतो. २०११ मध्ये ज्याने तुमचं मशीन बसवून दिलं, त्याने बायोसमध्ये ती पद्धत बदलून 'आयडीई' केली असणार, कारण त्याशिवाय साध्या सीडीवरून एक्सपी चढत नाही. आता बायोस परत एएचसीआयवर गेलंय. विंडोज अर्धं सुरू होतं, हार्ड डिस्ककडे हात घालतं, हाताला काही लागत नाही, निळा स्क्रीन टाकतं आणि मशीन रीस्टार्ट करतं. नवा सेल घातल्याने जुनी सेटिंगं परत येत नाहीत. नवा सेल पुढची सेटिंगं जपेल, एवढंच. दुरुस्तीवाल्या मुलाने सेल बदलला हे बरोबरच केलं, पण तो अर्ध्यावर थांबला.

फॉरमॅट मारायला गेलात तरी एक्सपीची सीडी 'हार्ड डिस्क सापडली नाही' असं सांगून थांबेल, कारण सीडीकडेही तो ड्रायव्हर नाही. मग कोणीतरी बायोसमध्ये जाऊन आयडीई करेल, फॉरमॅट मारेल, आणि 'फॉरमॅट केलं म्हणून चाललं' असं सगळ्यांना वाटेल. चाललं असेल ते आयडीईमुळे. मधल्या मध्ये २००३ पासूनची खाती गेलेली असतील.

आता हा अंदाज पक्का करून घ्या. मशीन चालू केल्याबरोबर, विंडोजचं चिन्ह यायच्या आधी, एफ८ टिचक्या मारल्यासारखं दाबत राहा. काळ्या पडद्यावर यादी येईल. तीत 'डिसेबल ऑटोमॅटिक रीस्टार्ट ऑन सिस्टिम फेल्युअर' अशी ओळ असते, ती निवडून एंटर करा. आता निळा स्क्रीन लकाकून जाणार नाही, थांबून राहील. मोबाइलवर त्याचा सरळ, न हललेला फोटो काढा. खालच्या भागात 'स्टॉप' या शब्दापुढे एक लांब कोड असतो. तो ०एक्स००००००७बी (0x0000007B) असेल, म्हणजे शेवटी ७बी, तर आम्ही म्हणतोय तेच आहे. नंतर एफ८ च्याच यादीतून सेफ मोडही (विंडोज अगदी गरजेपुरतंच सुरू करायची सोय) करून बघा. सेफ मोडलाही ७बी आलं तर शंका आणखी पक्की होते, कारण डिस्कपर्यंत पोचण्याचा ड्रायव्हर दोन्हीकडे तोच लागतो.

कोड वेगळा असेल तर वाट वेगळी. शेवटी २४ किंवा ईडी असेल तर डिस्कवरची फाइलींची मांडणी बिघडलेली असू शकते. ७ए असेल तर डिस्क किंवा तिची केबल बघा. ५० किंवा ०ए असेल तर रॅमवर किंवा एखाद्या ड्रायव्हरवर संशय घ्या. यातल्या कशालाही पहिला उपाय फॉरमॅट नाही.

सेटिंग बदलणं दोन मिनिटांचं काम आहे आणि बायोसमधल्या बदलाने डिस्कवर काही लिहिलं जात नाही. तरीही आमचा आग्रह आहे की त्याआधी खात्यांची प्रत काढा. डिस्क चौदा वर्षांची आहे, आणि बंद-चालूच्या या फेऱ्यात ती किती वेळा थांबली-फिरली याचा हिशोब नाही. अर्धा दिवस जाईल, जाऊ द्या.

त्यासाठी 'साटा टू यूएसबी' अडॅप्टर घ्या. नुसती केबल घेऊ नका. ती लॅपटॉपच्या छोट्या, अडीच इंची डिस्कला पुरते. तुमची साडेतीन इंची डिस्क १२ व्होल्टशिवाय फिरत नाही, म्हणून सोबत वेगळा पॉवर अडॅप्टर असलेलाच मागा. डबा उघडण्याआधी प्लग काढा आणि पत्र्याला हात लावून घ्या, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल. डिस्कला दोन केबली असतात, एक बारीक चपटी आणि एक रुंद. बारीक केबल बोर्डावर जिथे लागते तिथे 'साटा १', 'साटा २' असा आकडा छापलेला असतो. त्याचा फोटो काढा आणि परत लावताना त्याच जागी लावा. चार स्क्रू काढून डिस्क बाहेर घ्या, आपटू देऊ नका, खालच्या सर्किटला बोटं लावू नका. फिरत असताना तर जागेवरून हलवूही नका.

घरचा लॅपटॉप आधी पूर्ण सुरू होऊ द्या, मग डिस्क जोडा. डिस्क लावलेली ठेवून लॅपटॉप सुरू केला तर तो स्वतःच डिस्क तपासायला बसू शकतो, आणि अशक्त डिस्कवर ते नको. 'स्कॅन अँड फिक्स' विचारलं तर नको म्हणा. 'फॉरमॅट डिस्क' असा चौकोन आला तर कॅन्सल. हे दोन चौकोन दिसले की हात आपोआप एंटरवर जातो, म्हणून शेजारी कोणाला तरी बसवा. आणि डिस्कमधून टकटक असा ठरावीक ठेक्यातला आवाज आला तर ताबडतोब काढून ठेवा, पुन्हा पुन्हा लावून बघू नका. ते काम मग डेटा परत मिळवणाऱ्यांचं.

काय काय उतरवायचं? डॉसच्या प्रोग्रॅमचा फोल्डर बहुधा सी किंवा डी ड्राइव्हच्या अगदी तोंडाशीच असतो. तो आख्खा घ्या, त्यातून निवडत बसू नका. आत डीबीएफ, डीबीटी, एनटीएक्स अशी शेपटं असलेल्या फाइली दिसतील. डीबीएफ आणि डीबीटीत खरा माल आहे. एनटीएक्स ही नुसती अनुक्रमणिका. बिघडली तर प्रोग्रॅम ती नव्याने बांधतो. डीबीएफ गेली तर ती कोणी बांधून देऊ शकत नाही. नंतर 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' आणि 'विंडोज'च्या आतला 'फॉन्ट्स' हा फोल्डर घ्या. फॉन्ट विसरू नका. त्या काळी मराठी पत्रं श्रीलिपीत किंवा योगेशसारख्या फॉन्टमध्ये टाइप व्हायची, युनिकोडमध्ये नाही. फॉन्ट नसेल तर शेतकऱ्यांना पाठवलेली पत्रं नव्या मशीनवर उघडतील, पण वाचता येणार नाहीत. मशीनच्या मागे एखादं छोटं लॉक, म्हणजे डोंगल लावलेलं असेल तर ते काढून डबीत ठेवा आणि डबीवर नाव लिहा. त्याच्यावाचून लॉकवालं सॉफ्टवेअर उघडत नाही.

उतरवून झालं की मूळ फोल्डर आणि प्रत या दोन्हींवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' बघा. फाइलींची संख्या आणि बाइट दोन्हीकडे जुळले पाहिजेत. अशा दोन प्रती करा, एक लॅपटॉपवर, एक पेन ड्राइव्हवर. पेन ड्राइव्ह ३२ जीबीपर्यंतचा घ्या आणि फॅट३२ या जुन्या मांडणीत असू द्या. त्याहून मोठे पेन ड्राइव्ह बहुधा एक्सफॅटमध्ये येतात आणि साधं एक्सपी ते वाचत नाही. दोन टीबीवरच्या पोर्टेबल डिस्कचंही एक्सपीवर तेच होतं. एक प्रत मिरजेला घरी ठेवा, गाळ्यात नको. २०१९ आणि २०२१ चा पूर सांगलीत कुठवर आला होता हे तुम्हाला सांगायची गरज नाही.

प्रत हातात आली की डिस्क परत बसवा आणि बायोसकडे वळा.

प्लग काढलेलाच असू द्या आणि तो नवा सेल एकदा बघून घ्या. त्यावर सीआर२०३२ असंच लिहिलेलं हवं. त्यातले शेवटचे दोन आकडे म्हणजे जाडी, ३.२ मिलिमीटर. सीआर२०२५ दिसायला तसाच, पण २.५ मिलिमीटर जाड. खोबणीत बसतो, चालतोही, आणि कधीतरी मशीनला धक्का लागला की पत्रा सुटतो आणि सगळं पुन्हा विसरलं जातं. अधिकचं चिन्ह वर हवं. मल्टिमीटर असेल तर नवा सेल तीन व्होल्ट किंवा थोडे जास्त दाखवतो. २.८ व्होल्टच्या खाली दाखवत असेल तर दुकानातच जुना झालेला माल आहे, परत द्या.

मशीन चालू करा आणि लगेच डिलीट दाबत राहा. काही बोर्डांना एफ२ लागतं, सुरुवातीच्या पडद्यावर खाली लिहिलेलं असतं. निळ्या किंवा राखाडी पडद्याचा मेन्यू उघडेल. आत काहीही बदलण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढा. पहिल्या पानावर तारीख आणि हार्ड डिस्कचं नाव असतं. डिस्क यादीत दिसतेय का, हे आधी बघा. दिसत नसेल तर पुढे जाऊ नका; केबल नीट बसलेली नाही, केबल खराब आहे किंवा डिस्क गेली आहे. मशीन बंद करून केबल दोन्ही टोकांना दाबून बसवा, दुसरी केबल लावून बघा.

डिस्क दिसत असेल तर पहिल्यांदा तारीख आणि वेळ आजची करा. मग 'इंटिग्रेटेड पेरिफेरल्स', 'स्टोरेज कॉन्फिगरेशन' किंवा 'अ‍ॅडव्हान्स्ड' यापैकी जे पान असेल तिथे जा आणि 'साटा मोड' शोधा. बोर्डाबोर्डाप्रमाणे नाव थोडं बदलतं. 'कॉन्फिगर साटा अ‍ॅज' असंही असतं. पुढे 'एएचसीआय' दिसलं की आमचा अंदाज खरा ठरला. त्यावर एंटर करून 'आयडीई' निवडा. काही ठिकाणी 'आयडीई'ऐवजी 'लेगसी' किंवा 'कंपॅटिबल' असतं. 'रेड' (आरएआयडी) असा पर्याय दिसेल, त्याला हात लावू नका. आणि 'लोड ऑप्टिमाइज्ड डिफॉल्ट्स' ही ओळ तर मुळीच दाबायची नाही. नाव गोड आहे, पण ती तुम्हाला परत एएचसीआयवर नेऊन ठेवेल. बाकी काही बदलू नका. एफ१०, मग वाय, मग एंटर.

विंडोज सुरू झालं पाहिजे. पहिल्या वेळी 'न्यू हार्डवेअर' सापडल्याचं सांगून एक रीस्टार्ट मागितला तर करू द्या. डिस्क तपासायला बसलं तर आता तपासू द्या, कारण प्रत तुमच्याकडे आहे. एएचसीआय जलद असतं, मग आयडीईने मशीन मंदावेल का, असं कोणी विचारेल. फिरत्या डिस्कवर आणि पट्ट्या काढायच्या कामाला तो फरक जाणवणार नाही. आयडीईवरच राहू द्या.

आयडीई करूनही ७बी येत राहिलं, किंवा तिथे आधीपासूनच आयडीई होतं, तर एफ८ च्या यादीतलं 'लास्ट नोन गुड कॉन्फिगरेशन' करून बघा. केबल भलत्याच आकड्यावर लागली नाही ना, तेही फोटोशी ताडून बघा. त्यानेही नाही झालं तर एक्सपीच्या सीडीवरून रिकव्हरी कन्सोल उघडून चेकडिस्क, म्हणजे डिस्कची तपासणी, करावी लागेल. ते जाणकाराकडून करून घ्या. तोवर प्रत मिरजेला पोचलेली असू द्या.

विंडोज सुरू झाल्या झाल्या नवी पट्टी काढायला बसू नका. घड्याळ मागे पडत होतं त्या दोन महिन्यांतल्या नोंदी आधी तपासा. डॉसचा प्रोग्रॅम तारीख कॉम्प्युटरच्या घड्याळावरूनच उचलतो. सेल संपत आला की घड्याळ मागे पडतं, आणि एखाद्या वेळी बोर्डाच्या जन्मवर्षाच्या आसपासही जाऊ शकतं, म्हणजे २०१० किंवा २०११ वर. त्या तारखेला पडलेली उचल किंवा हमाली चालू वर्षाच्या खतावणीत दिसणारच नाही, बाकी मात्र चुकत राहील. रोजमेळ १ जानेवारी २०१० पासून उघडून बघा, मधेच एकट्यादुकट्या नोंदी दिसल्या की कागदी पट्टीशी ताडून तारीख दुरुस्त करा, आणि मग प्रोग्रॅमच्या मेन्यूतून एकदा रीइंडेक्स करा, म्हणजे ती अनुक्रमणिका नव्याने बांधली जाईल.

मग प्रिंटर. डिफॉल्ट सेटिंगं आली की पॅरलल पोर्टची, म्हणजे प्रिंटरची जाड केबल लागते त्या जागेची पद्धतही बदललेली असू शकते. डॉसचा प्रोग्रॅम थेट एलपीटी१ वर, म्हणजे त्याच पोर्टवर अक्षरं ढकलतो. पट्टी अर्धवट छापली जात असेल, भलतीच अक्षरं येत असतील किंवा काहीच येत नसेल, तर बायोसमध्ये 'पॅरलल पोर्ट मोड' बघा: पत्ता ३७८, आयआरक्यू ७, पद्धत 'नॉर्मल' किंवा 'एसपीपी'. त्याने नाही जमलं तर ईपीपी, मग ईसीपी, एका वेळी एकच. दोष प्रिंटरचा की पोर्टचा हे ओळखायचं असेल तर प्रिंटर बंद करा, लाइन फीडचं बटण दाबून धरा आणि तसाच चालू करा. बहुतेक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर स्वतःची चाचणी छापतात. ती स्वच्छ आली तर प्रिंटर निर्दोष. पॅरललची जाड केबल मात्र मशीन आणि प्रिंटर दोन्ही बंद असतानाच काढा-घाला. चालू असताना ओढली तर पोर्ट जळू शकतो.

डबा उघडलाच आहे तर हळदीकडेही बघा. यार्डातल्या मशीनच्या आत पंख्याच्या पात्यांवर पिवळा थर चढतो, आणि प्रोसेसरवरच्या हीटसिंकच्या (त्याला थंड ठेवणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांमध्ये त्याची पापडीच होते. ही पूड तेलकट असते आणि पावसाळ्यात ओल धरते, म्हणून नुसती फुंकर मारून निघत नाही. मऊ रंगाच्या ब्रशने सुटी करा, मग ब्लोअर मारा, आणि ब्लोअर मारताना पंखा बोटाने अडवून धरा. मोकळा सोडला तर तो वेड्यासारखा फिरतो आणि बेअरिंग जातं. हीटसिंक उचलावंच लागलं तर जुनी सुकलेली पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी लावा. जुन्यावर नवी थापू नका. रॅमच्या सोनेरी कडा साध्या खोडरबराने पुसा, कीस झटका आणि दोन्ही बाजूंना 'टक' आवाज येईपर्यंत दाबून बसवा. बोर्डावरची नळकांड्यांसारखी कॅपॅसिटर वरून फुगलेली किंवा चिकट दिसली तर मशीनचे दिवस भरत आले आहेत, खरेदी पुढे ढकलू नका. डबा जमिनीवर असेल तर वर घ्या. पोत्यांची झाडलोट होते ती जमिनीवरच.

इंटरनेटचं तुम्ही विचारलं नाही, पण सांगायला हवं. एक्सपीची सुरक्षा दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला थांबवली. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तेव्हा त्यांनी एक्सपीसाठी अपवाद म्हणून एक दुरुस्ती काढली, पण त्यावर विसंबून राहू नका. तुमच्या एक्सपीला इंटरनेट देऊ नका. लॅनची केबल काढून टाका. जीएसटीचं पोर्टल त्यावर उघडत नाही ते बिघाडामुळे नाही; आजच्या वेबसाइटींना जी सुरक्षित जोडणी लागते ती एक्सपीच्या इंटरनेट एक्सप्लोररला येतच नाही. ते काम लॅपटॉपवर करा. दोन्हींमध्ये ने-आण करायला एकच पेन ड्राइव्ह वेगळा ठेवा, त्याच्यावर हळदीचा रंग लावा हवं तर, पण तो झेरॉक्सच्या दुकानात जाता कामा नये. फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसायला लागतात तो व्हायरस तिथूनच येतो. एक्सपीत पेन ड्राइव्ह लावताना शिफ्ट दाबून धरलं तर त्यातलं काही आपोआप सुरू होत नाही.

नव्या मशीनवर प्रोग्रॅम का चालत नाही? तो १६ बिटांचा आहे. ३२ बिटांच्या विंडोजमध्ये असे प्रोग्रॅम चालवणारा एक भाग असतो, ६४ बिटांच्या विंडोजमध्ये तो नाही, आणि आज दुकानात मिळणारी सगळी विंडोज ६४ बिटांचीच. विंडोज ११ तर ३२ बिटांत निघालंच नाही. प्रोग्रॅम मेला असा याचा अर्थ नाही. डॉसबॉक्स-एक्स नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे, तो नव्या विंडोजच्या आत एक जुना डॉसचा कॉम्प्युटर उभा करतो, आणि त्यात छपाईचीही सोय आहे. लॅपटॉपवरच्या प्रतीवर, मूळ डेटावर नव्हे, तो चालवून बघा. एखादी जुनी पट्टी काढा, बेरीज आणि अडत-हमाली-तोलाईचे आकडे कागदाशी जुळतात का बघा. महिनाभर दोन्हीकडे समांतर नोंद करून आकडे जुळले तर एक्सपीला निवृत्त करता येईल. सौद्यांच्या धामधुमीत हे करू नका, हंगाम उतरल्यावर करा. आत्ता डिस्कची हुबेहूब क्लोन करून कपाटात ठेवलीत तरी पुढच्या वेळी तासाभरात मशीन उभं राहील.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, आणि तो तीनही प्रश्नांत आम्हाला सगळ्यात मोलाचा वाटतो. ग्रुपवर चार जणांनी चार गोष्टी सांगितल्या, कारण तुम्ही दिलेल्या माहितीत चारही गोष्टी बसत होत्या. 'बंद पडलाय' यात वीज नसण्यापासून डिस्क जळण्यापर्यंत सगळं येतं. आम्हाला लिहिताना मात्र तुम्ही काय आधी झालं, काय नंतर झालं आणि पडद्यावर कोणते शब्द आले ते लिहिलंत, म्हणून इथून बसल्या जागी सांगता आलं. ग्रुपवर असं लिहून बघा:

'मशीन २०११ चं, विंडोज एक्सपी. चार दिवस मेन स्विच बंद होता. त्यानंतर सीमॉस चेकसम एरर आला. काल सेल बदलला, सीआर२०३२. आता विंडोजच्या चिन्हानंतर निळा स्क्रीन, कोड ७बी, फोटो जोडलाय. सेफ मोडलाही तेच. बायोसमध्ये डिस्क दिसते. डेटा हवाय, फॉरमॅट करायचं नाही.'

पडद्यावरचे शब्द आपल्या शब्दांत सांगू नका, जसेच्या तसे उतरवा किंवा फोटो टाका. तुम्ही काय काय करून पाहिलंत ते लपवू नका, चुकलं असेल तरी. उत्तर देणाऱ्याला तेच सगळ्यात आधी हवं असतं. फोटोत खात्यांची नावं किंवा पासवर्ड दिसत नाही ना, बघून घ्या. कोणी उपाय सांगितला तर एका वेळी एकच करा आणि काय फरक पडला ते त्याच माणसाला कळवा. दोघांचे दोन उपाय एकत्र केले तर कशाने झालं हे कोणालाच कळत नाही. रात्री अकराला फोन नको, आणि 'लवकर सांगा' हे तीनदा नको. तो माणूसही दिवसभर गाळ्यावर उभा असतो. कोणी 'अमुक सॉफ्टवेअर टाका, मी लांबूनच मशीन हातात घेऊन दुरुस्त करतो' असं म्हणालं आणि तुमची ओळख नसेल, तर नको म्हणा, कितीही अगत्याने विचारलं तरी.

दुरुस्तीवाल्या मुलाला हे उत्तर दाखवा, रागाने नव्हे. बायोसमधलं सेटिंग त्याच्याच हातून बदलून घ्या, म्हणजे यार्डातल्या पुढच्या एक्सपीला तो फॉरमॅट मारणार नाही. बदलल्यावर बायोसच्या पानांचे फोटो छापून डब्याच्या आतल्या बाजूला चिकटवा, सेल बदलल्याच्या तारखेसह. आणि ज्या ग्रुपवर विचारलं होतंत, तिथे दोन ओळी नक्की टाका: 'सेल संपून साटा मोड एएचसीआय झाला होता, आयडीई केल्यावर सुरू झालं. डेटा शाबूत.' बोर्डाचा मॉडेल नंबरही द्या. तुमच्यासारखी मशीनं त्या यार्डात अजून बऱ्याच गाळ्यांत आहेत, आणि त्यांचेही सेल तेवढेच जुने आहेत.